मी नाव घेत नाही

रेडिओच्या पाठीचं झाकण हरवलेलं होतं. तिथं रबरबँड.

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात. शुक्रवारी या गावाला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

वहीत लाल पेनाची उभी रेघ आली की श्वास घ्यायचा.

झेरॉक्स. एक बाजू, दोन्ही बाजू. अंबाडी नाका.

नऊशे पोरं एकदम मान वळवतात तेव्हा कपड्याचा आवाज होतो.

दोनशे बारा.

एक मुलगी चौदा वर्षांची, एक सतरा वर्षांची. दोघी एकाच रस्त्यावर, मध्ये चाळीस फुटांचं अंतर, आणि दोघीही मी.

झालं ते इतकंच. ऑक्टोबर २००९, सकाळचे साडेनऊ, विधानसभेची निवडणूक आठवड्यावर आलेली, आणि मी नदीनाक्यावर रिक्षासाठी उभी. केस धुतलेले, अंगात मैत्रीण निशाची मागून आणलेली निळी कुर्ती, कारण अकरा वाजता मला केसरीनाथच्या केबलच्या ऑफिसात पोचायचं होतं. काल त्याचा फोन आला होता. "दिपाली, उद्यापासून संध्याकाळच्या बातम्या तू वाचायच्या. माझ्या बाजूला बसून." तेव्हापासून मी दात घासताना बातम्या वाचल्या, आईशी बोलताना वाचल्या, नाक्यावर उभी राहून मनातल्या मनात वाचत होते, आणि समोरून प्रचाराची रिक्षा गेली. टपावर दोन कर्णे, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. आधी गाणं, मग घोषणा, मग खरखर, आणि मग मी. मी म्हणजे माझा आवाज, पण बारीक, नाकातून थोडा, चौदा वर्षांचा. "खाडीकडच्या आळीतली दोनशे बारा नावं मतदार यादीतून कापली. कोणी कापली? मी नाव घेत नाही. तुम्ही घ्या." मला पहिल्यांदा आनंद झाला. हे आधीच सांगते, कारण नंतर सांगितलं तर खोटं वाटेल. पायाच्या अंगठ्यापासून वर असा तो आनंद आला की मी शेजारच्या बाईचा हात धरला, आणि ती माझ्याकडं बघायला लागली. कर्ण्यातून, भर नाक्यावर, ट्रकच्या हॉर्नच्या वरून, मी. मग रिक्षा वाड्याच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर अंबाडी. अंबाडी नाक्यावर आमच्या शाळेतल्या रामनाथ सरांचं झेरॉक्सचं दुकान. आनंद जिथून आला होता तिथूनच दुसरं काहीतरी वर यायला लागलं, आणि दोन्हींची वाट एकच असल्यामुळं कोणतं काय ते मला कळेना.

"त्या रिक्षाच्या मागं चला," मी समोर आलेल्या रिक्षावाल्याला म्हटलं.

"कुठवर?"

"अंबाडीच्या आधी गाठायची ती."

त्यानं आरशात बघितलं. आरशाखाली चिकटवलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, जीवन. "कोन हाय तिच्यात? नवरा?"

"नाही."

"मग कर्जवाला? न्हायतर असा कोन कोनाच्या मागं धावत न्हाय."

"माझा आवाज आहे तिच्यात."

"कुठं?"

"कर्ण्यात. ती मुलगी बोलते ना, ती मी."

जीवननं मान बाहेर काढून ऐकलं. मग माझ्याकडं वळून बघितलं, मग परत ऐकलं. "लय लहान वाटतंय," तो म्हणाला, आणि गिअर टाकला. "बसा नीट. खड्डे मोप हायेत. पन त्यालापन तेच खड्डे हायेत ना."

मी नववीत होते तेव्हा केसरीनाथचा चेहरा आम्ही कितीतरी महिने पाहिला नव्हता. त्याच्याकडं कॅमेराच नव्हता. केबलवर बावीस नंबरला संध्याकाळी सात वाजता खाडीचा एक फोटो लागायचा, खाली साड्यांच्या आणि दाताच्या दवाखान्याच्या जाहिराती सरकायच्या, आणि आत केसरीनाथ बोलायचा. अर्धा तास. आमच्या आळीत टीव्हीचा रेडिओ झाला होता. कोणी बघत नसे, भाकऱ्या थापताना, मासे साफ करताना ऐकत. माझी आई, हौसा, पाट्यावर वाटण घेऊन बसायची आणि म्हणायची, "दिपे, वाढव गो जरा. आज कोनाला धरलान् बघू." तो रोज कोणालातरी धरायचा, म्हणजे त्याच्या पार्टीत नसलेल्याला. रस्त्याचं कंत्राट, पाण्याची लाईन, कोणाच्या मुलाचं ॲडमिशन. आणि कोणाचंच नाव घ्यायचा नाही. खुणा सांगायचा, घराचा रंग सांगायचा, गाडीचा नंबर अर्धा सांगायचा आणि मग, "मी नाव घेत नाही, तुम्ही घ्या." आई पाट्यावरचा हात थांबवून नाव घ्यायची. शेजारच्या खिडकीतून तेच नाव यायचं. पलीकडून तेच. सगळी आळी एकाच वेळी एकच नाव घ्यायची आणि ते घेतल्यावर सगळ्यांना बरं वाटायचं, जेवायला भूक लागायची. मला ते फार आवडायचं. कसला अन्याय, कसलं कंत्राट, मला काही कळत नव्हतं. मला तो क्षण आवडायचा, थांबण्याचा, आणि सगळ्या खिडक्यांतून उत्तर येण्याचा.

"गाठतो, गाठतो," जीवन म्हणाला. पुढं एक ट्रक आडवा वळत होता आणि त्याच्यापलीकडं माझा आवाज लहान होत चालला होता.

शाळेत परिपाठाला बातम्या मी वाचायची. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना, बावन्न लूम, सकाळची शिफ्ट सातला सुरू व्हायची आणि आमचा परिपाठ साडेसातला. आमची प्रार्थना आम्हालाच ऐकू यायची नाही. रामनाथ सर भूगोल शिकवायचे, पण शाळेचा माइक त्यांच्याकडं होता, म्हणजे ॲम्प्लिफायर, वायर, कर्णे, सगळं, दुसऱ्या कोणाला त्यातलं काही जमायचं नाही. नववीच्या सुरुवातीला त्यांनी मला निवडलं. सकाळी सात पाचच्या आकाशवाणीच्या बातम्या ऐकायच्या, वहीत दहा ओळी लिहायच्या, धावत शाळेत यायचं, सर वही घेऊन लाल पेनानं उभ्या रेघा मारायचे. रेघ आली की थांब, पोटातून श्वास घे. मी म्हटलं, सर, थांबलं की मागच ऐकू येतात. सर म्हणाले, "येऊ देत. मागाला दम लागत नाही, माणसाला लागतो. तू थांबलीस की पोरं तुझी वाट बघतात." खरंच बघायची. पण बातम्या कसल्या, तर मंत्रिमंडळाची बैठक, कांद्याचे भाव, परदेशातला भूकंप. वाट बघून पोरांना काही मिळायचं नाही. मागच्या रांगेतल्या मुली एकमेकींच्या वेण्या बांधायच्या. एके दिवशी मी शेवटी एक ओळ जास्तीची वाचली, केसरीनाथची, पाण्याच्या लाईनीबद्दल, त्याच्यासारखीच, शेवटचे शब्द दोनदा म्हणून. आणि मैदान हसलं. नऊशे पोरं. पुढच्या रांगेतल्या पाचवीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिपाई हसला, दोन बाई पदर तोंडाला लावून हसल्या, मुख्याध्यापकही हसले, कारण पाण्याची लाईन त्यांच्या घराकडंही फुटली होती. मी खाली उतरले आणि लगेच परत वर जावंसं वाटलं.

मग रोज. कांद्याचे भाव, परदेशातला भूकंप, आणि शेवटी केसरीनाथ. पाचवीची पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांना धरून म्हणायची, मी नाव घेत नाही, तुम्ही घ्या. घरी जाऊन म्हणायची. ते कोणीतरी केसरीनाथला सांगितलं, आणि एका संध्याकाळी खाडीच्या फोटोमागून तो म्हणाला, आपल्या गावात एक शाळा हाय, तिथं एक पोरगी हाय, तिच्या गळ्यात आपला कार्यक्रम हाय. आईनं वाटण तसंच टाकलं आणि दारात जाऊन उभी राहिली, म्हणजे आळीतल्या सगळ्यांना तिच्याकडं बघता यावं. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या कंपाउंडबाहेर केबलचा एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन उभा राहायला लागला. पुढच्या आठवड्यात मी माझाच आवाज टीव्हीतून ऐकला. खाडीवर माझा आवाज. एका सोमवारी सर मला म्हणाले, "दिपाली, रेडिओवर जे ऐकशील ते लिही. जे ऐकायचं राहिलं तिथं रिकामी ओळ सोड. या वहीत मला केसरीनाथ नको." मी हो म्हटलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी नुसते कांद्याचे भाव वाचले. पोरांनी कांद्याचे भाव ऐकले नाहीत. त्यांनी शेवटची वाट बघितली आणि शेवटी काही आलं नाही, आणि एक हवा सुटल्यासारखा आवाज मैदानातून आला. त्या आवाजाचं मी काय करू? तो मी घरी घेऊन गेले. तो जेवताना होता, वही उघडताना होता.

जीवनच्या रिक्षात माझा फोन वाजला. केबलचं ऑफिस नाही, स्वतः केसरीनाथ. "कुठं पोचलीस? फोटोवाला आलाय, खुर्ची लावून ठेवलीय तुझी."

"मी अणगावच्या पुढं आहे. अंबाडीला चाललेय."

"अंबाडीला काय वज्रेश्वरीच्या गरम पाण्यात बुडी मारायला?"

"तुमच्या रिक्षात माझा आवाज आहे."

"अगं, गाजतोय तो. अकलोली, वज्रेश्वरी, सगळीकडं फिरवणार हाय. नवीन करायला टाइम कुठं होता? आनि तुझं नाव न्हाय घेतलं कुठं. काळजी करू नको."

मी फोन बंद केला. तुझं नाव न्हाय घेतलं. माझ्या मनात, सगळ्या खड्ड्यांसकट, खुर्ची आली. बाजूला केसरीनाथ, समोर आता कॅमेरा, गळ्याशी क्लिपचा माइक, आणि सगळ्या खिडक्या. मला ती खुर्ची हवी होती. अंबाडीकडं धावतानाही हवी होती. धावण्यामुळं तर जास्तच. जीवन म्हणाला, "दिसली. त्या टेम्पोच्या पुढं. पन आता ती थांबायची न्हाय, ताई, सरळ नाक्यालाच जाईल. आज बाजार हाय."

तो शुक्रवार. चोवीस नोव्हेंबर दोन हजार सहा. महापालिकेची निवडणूक पुढच्या वर्षी होती, याद्या दुरुस्त करायचं काम मास्तरांना दिलेलं असायचं, आणि आमच्या आळीचं काम रामनाथ सरांकडं होतं. रोज दुपारी ते काखेत रजिस्टर घेऊन घरोघर जायचे. सगळ्या शाळेला माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण वाचताना माहीत नव्हतं. हे कसं होतं ते मला अजून सांगता येत नाही. ओळ डोळ्यांत येते, तोंडातून जाते, मध्ये कुठं ती आपल्याला भेटत नाही. गुरुवारी संध्याकाळी केसरीनाथ म्हणाला होता की दोनशे बारा नावं कापली, एका मास्तरानं, डोक्याला टक्कल, हातात काळी छत्री, ऊन असो का पाऊस. शुक्रवारी माग बंद. सर वायरी जोडत होते, त्यांनी वही बघितली नव्हती, रेघा मीच मारल्या होत्या, आणि मी वहीतून वाचलं.

खाडीकडच्या आळीतली | दोनशे बारा नावं | मतदार यादीतून कापली | कोणी कापली

आणि मी थांबले. कारखाना बंद होता, म्हणून त्या थांबण्यात काहीच नव्हतं, माग नव्हता, वारा नव्हता. इतकी शांतता मी त्या मैदानात कधी ऐकली नव्हती, ती माझी होती, मी केली होती, मला वाटलं आता मी हात वर केला तर सगळी शाळा जमिनीपासून उचलली जाईल.

मी नाव घेत नाही. तुम्ही घ्या.

कपड्याचा आवाज झाला. सगळ्यांनी मान वळवली. डावीकडं, ॲम्प्लिफायरच्या टेबलाकडं, जिथं सर वायर हातात धरून उभे होते आणि टेबलाला छत्री टेकवलेली होती. सातवीच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "रामनाथ सर." मग पाचवीनं म्हटलं. मग सगळ्यांनी, खेळातल्यासारखं, तालात. सरांनी माइक बंद केला नाही. बंद करायचं बटण त्यांच्या हाताखाली होतं.

आळीतली माणसं आली, केबलवाला आला, मुख्याध्यापकांच्या खोलीत मला उभं केलं. ही बातमी तुला कोणी लिहून दिली? मी म्हटलं, रेडिओचे सेल गेले होते. सकाळी लागलाच नाही. मग काल टीव्हीवर ऐकलेलं आठवून लिहिलं. खोलीत सर होते. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडं बघितलं. सर म्हणाले, "हो, तिचे सेल गेले होते. मुलीची काही चूक नाही." आणि मला वर्गावर जा म्हणाले.

त्यानंतर सर फळ्याकडं वळले की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, दोनशे बारा. नकाशात हिमालय काढायला वळले की दोनशे बारा. तास संपताना दोनशे बारा. एकदा त्यांच्या छत्रीवर खडूनं लिहिलं होतं आणि त्यांना माहीत नव्हतं, ते तशीच घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत गेले. जानेवारीत ते यायचे बंद झाले. एप्रिलमध्ये तहसीलदाराच्या ऑफिसचा कागद शाळेत आला. नावं नियमानं कमी केलेली होती, ती कुटुंबं दापोड्याच्या आपल्या जमिनींवर गोदामं झाल्यावर तिथंच बंगले बांधून राहायला गेली होती, प्रत्येकाच्या सहीचा फॉर्म होता. तो कागद परिपाठात कोणी वाचला नाही. परिपाठात बातम्या मीच वाचत होते.

अंबाडी नाका. प्रचाराची रिक्षा वडाच्या सावलीत उभी, तिचा माणूस समोर वडापावच्या गाडीवर, आणि कर्णे चालूच. गाणं, घोषणा, खरखर. त्यांच्या बरोबर समोर दुकान. एक बाजू, दोन्ही बाजू. सर मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. तीन वर्षांत ते म्हातारे झाले नव्हते. मला ते म्हातारे झालेले हवे होते, म्हणजे मला रडता आलं असतं. एक भाजीवाली बाई कसला तरी दाखला घेऊन उभी होती. मी पायरीवर जाऊन थांबले.

"सर, मी बंद करायला लावते."

"ये दिपाली," ते म्हणाले, जशी मी कालच येऊन गेले होते. "थांब जरा. आता येईल बघ." त्यांनी बोट वर केलं. माझा आवाज आला, नावं कापली, कोणी कापली, आणि मग काहीच नाही, वडाची पानं, वडापावच्या तेलाचा आवाज, आणि मग मी नाव घेत नाही. सरांनी बोट खाली घेतलं. "इथं. केसरीनाथ इथं थांबत नाही. मी ऐकलाय ना तो कार्यक्रम. तो धावत जातो. वहीतही इथं माझी रेघ नव्हती. हा थांबा तुझा आहे."

मला भयंकर लाज वाटली आणि त्या लाजेच्या आत, अगदी आत, कोणीतरी शाबासकी दिल्यासारखं ऊन पडलं.

भाजीवाल्या बाईनं माझ्याकडं निरखून बघितलं. "सर, हीच का ओ ती पोरगी? तुमच्या शाळेतली?"

"हीच," सर म्हणाले. त्यांनी कागद काचेवर सरळ केला, झाकण लावलं, हिरवा उजेड डावीकडून उजवीकडं गेला. "तिची काही चूक नाही, ठकुबाई. त्या दिवशी तिच्या रेडिओचे सेल गेले होते."

ते माझ्याकडं बघत नव्हते. कागद मोजून देत होते. फोन परत वाजत होता, मी तो कुर्तीच्या खिशात दाबून धरला, आणि रस्ता ओलांडला. जीवन मला हाक मारत होता, "ताई, झालं का?" प्रचाराची रिक्षा उघडी होती. मागच्या सीटवर ॲम्प्लिफायर, सरांच्याकडं होता तसाच, काळी बटणं, आणि वर हुकाला माइक अडकवलेला. मी टेप बंद केली. बाजारातली माणसं वळली, कारण मघापासून चाललेलं काहीतरी थांबलं होतं. मी माइक हातात घेतला. तो गरम होता. बोटानं ठोकला, वरून दोनदा ठक ठक झालं, सगळ्या नाक्यावर, आणि मला कळेना की मी हे सरांसाठी करते आहे की या ठक ठक साठी. समोर दुकानाच्या दारात सर येऊन उभे राहिले. हातात छत्री नव्हती. मी बटण दाबलं, पोटातून श्वास घेतला आणि बोलले.

सोमवारी, वीस नोव्हेंबर दोन हजार सहाला, परिपाठानंतर, रामनाथ सरांनी मला रेडिओसाठी दोन नवे सेल दिले होते. ते मी त्याच संध्याकाळी घातले होते.